प्रार्थनाघरातलं एक मिनिट

नादेज म्हणाली, "ताई, मला फक्त बारा सेकंदांची शांतता काढून दे, मग मी तुला छळत नाही," आणि खाली कॉफी आणायला गेली. मी फळीवरून डबा काढला. डब्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : प्रार्थनाघर, शांतता, एक मिनिट. फिल्मच्या आवाजाच्या आमच्या धंद्यात हे करावंच लागतं. कुठल्याही खोलीतलं चित्रण संपलं की सगळ्यांना जिथल्या तिथं गप्प उभं करायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता टेपवर घ्यायची. माणसाच्या बोलण्यातला खोकला, अडखळणं कापून काढलं की तिथं भोक पडतं, आणि ते त्याच खोलीच्या शांततेनं बुजवावं लागतं. दुसरीकडची लावली तर ठिगळ लगेच कळतं. तीस वर्षं मी हेच करत आले. लोक गाण्याला कान देतात, मी गाणं संपल्यानंतर जे उरतं त्याला. तर मी रीळ चढवलं, हेडफोन लावले, आणि हाताला काय झालं कोण जाणे, पहिल्या पट्टीऐवजी दुसऱ्या पट्टीचं बटण दाबलं गेलं. पहिली पट्टी काठीवर टांगलेल्या मायकची, तो खोली ऐकतो. दुसरी, तिथं गायलेल्या टेमार मावशीच्या गळपट्टीला लावलेल्या चिमुकल्या मायकची, तो माणूस ऐकतो. वारा होता, फळ्यांची करकर होती, लांब कुठंतरी बोटीचं इंजिन धडधडत होतं. आणि विसाव्या सेकंदाला कोणीतरी मला हाक मारली. एर्लीन म्हणून नाही. दुसऱ्या नावानं.

मी यंत्र बंद केलं. पुन्हा ऐकायचं धाडस झालं नाही, खोटं कशाला बोलू. उठले, खिडकी लावली, मग ती लावली म्हणून गुदमरायला लागलं म्हणून उघडली. खाली गल्लीत कोणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. आमच्या बेटावरच्या माणसाला दोन नावं असतात. एक बाप्तिस्म्याचं, शाळेचं, पोलिसांना सांगायचं. दुसरं टोपलीतलं, पोर अजून टोपलीत मावतंय तेव्हा घरच्यांनी ठेवलेलं. ते घराबाहेर कोणी घ्यायचं नसतं. माझं टोपलीतलं नाव मिंडा. ते माहीत असलेली तीन माणसं होती. माझा भाऊ कधीचा गेला, आईला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तिसरी टेमार मावशी, जी तीन आठवडे झाले तोंडातून अक्षर काढत नव्हती. अठ्ठावन्न वर्षांची घोडी मी, दोन नवरे करून झालेली, आणि एका हाकेनं सात वर्षांची पोर झाले. त्या पोरीची मला आठवण नको होती.

नादेज दोन कप घेऊन वर आली. ती हैतीची. नऊ वर्षांची असताना बापाबरोबर आली, बाप इथं टॅक्सी चालवायचा. दक्षिणेकडच्या आमच्या बेटावरून फिलाडेल्फियात आलेल्या बायकांचं जे मंडळ आहे, एका जुन्या चपलांच्या दुकानात दर शनिवारी जमून गोधड्या शिवणारं, गवताच्या टोपल्या विणणारं आणि जुनी भजनं म्हणणारं, त्याच्यावरची ही फिल्म तिची.

"मिळाली?"

"नाही. त्यात आवाज आहे."

"कसला?"

"बोटीचा."

"मग चालेल की गं! बेट म्हटल्यावर बोट असणारच. भूत असतं तर अडचण होती." ती छातीतून हसली. "शुक्रवारी मंडळात दाखवायचीय, ताई. सगळ्या म्हाताऱ्या टोप्या घालून पहिल्या रांगेत बसणार. मधेच आवाज तुटला तर मला जिवंत गाडतील."

"तुला नाही, मला गाडतील. तू परकी, तुला माफ आहे."

"अगं बाई! वीस वर्षं तुमच्याच गल्लीत राहून मी परकीच का?"

"पन्नास वर्षं राहून मी तरी कुठं आलेय?" मी म्हटलं. म्हटलं थट्टेनंच. पण बोलून झाल्यावर ते वाक्य टेबलावर पडून राहिलं, आणि नादेजनं माझ्याकडे बघून कप ठेवला.

हे वाक्य माझं नव्हे, आईचं आहे. आमच्याकडे कुठलंही ठिकाण सोडून निघताना पोराला नाव घेऊन हाक मारतात. टोपलीतलं नाव घेऊन, उंबऱ्यात उभं राहून : चल रे, चल घरी, मागं राहू नको. शरीर निघतं, ते मुकाट्यानं येतं. पण त्याच्या आतलं जे असतं ते पोरासारखं नादिष्ट असतं, खेळत बसतं, त्याला हाक मारावी लागते. ज्या सकाळी आम्ही बेट सोडलं त्या सकाळी आईच्या एका कडेवर भाऊ होता आणि दुसऱ्या हातात बोचकं. प्रार्थनाघरात सगळ्यांचा निरोप घेतला. प्रार्थनाघर म्हणजे काय, एक खोली, फळ्यांची, दोन बाकडी, देव मावेल एवढी. तिथल्या बायका गोल करून, पावलावर पाऊल न चढवता, जमिनीवरून पाय न उचलता, नुसत्या घासत फिरायच्या आणि एक म्हातारा कोपऱ्यात केरसुणीच्या दांड्यानं जमिनीवर ठेका धरायचा. त्या दिवशी आमच्यासाठी फिरल्या. मला नवे बूट घेतले होते, पहिलेवहिले, काळे, पट्टीचे. ते बूट घालून मी कधी एकदा बोटीत बसते असं झालं होतं. आईनं उंबऱ्यातून भावाला हाक मारली, ती मी धक्क्यावरून ऐकली. माझी हाक आली नाही. आईला वाटलं, ही तर पुढं गेली. पुढं गेलेल्याला मागं राहू नको कशाला सांगायचं?

मग हे आयुष्यभर पुरलं. शाळेत बाई एर्लीन एर्लीन म्हणून ओरडायच्या आणि माझ्या लक्षातच यायचं नाही की आपल्याला हाक मारताहेत. चुलीवरचा भात करपायचा. पहिला नवरा घर सोडून गेला तेव्हा मला तीन दिवसांनी रडू आलं, आणि तेही दुसऱ्याच कशावरून तरी, बाजारात भेंडी निवडताना. आई कपाळाला हात लावायची. "अर्धी पोरगी आणली मी," ती शेजारणीला सांगायची, मी समोर असताना, "अर्धी तिथंच बसलीय बूट बघत." शेजारणी हसायच्या, मीही हसायचे. एकदा चिडून मी म्हटलं, "मग जा आणि घेऊन ये ना!" जाण्यायेण्याची ऐपत कधी आली नाही, आणि आली तेव्हा आईचे पाय गेले होते. मरताना तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, माझं चुकलं. मी म्हटलं, वेडी का तू, जुन्या बायकांच्या गोष्टी त्या. आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. एखाद्या घरात वरच्या मजल्यावर कोणीतरी चालतंय असं वाटत राहतं ना, आणि वर मजलाच नाही हे आपल्याला माहीत असतं, तसं मला त्या पोरीचं होतं. ती कुठंतरी आहे. थांबलीय. आणि तिच्यावाचून माझं सगळं व्यवस्थित चाललंय हे जास्त वाईट होतं.

कान मात्र तिच्यामुळेच तयार झाला असावा. नाहीतर ह्या धंद्यात मी आलेच नसते.

बेटावर जायची कल्पना नादेजची. मंडळातली सगळ्यात म्हातारी टेमार मावशी, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, आईची जिवाभावाची मैत्रीण. आमच्या मागून वर्षभरात तीही आली आणि तेव्हापासून आमच्या वरच्या गल्लीत राहते. तिला त्या प्रार्थनाघरात उभी करून गायला लावायचं, असं नादेजच्या मनानं घेतलं. मी नको म्हणत होते. म्हातारीची तब्येत, प्रवास, बोट, हजार कारणं सांगितली, खरं एकही सांगितलं नाही. पण मावशीच तयार. गेलो. त्या सकाळी मी तिच्या गळपट्टीला मायक लावत होते तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. हात लाकडासारखा कोरडा.

"निघताना मला हाक मार," ती म्हणाली.

"तुला? तू काय लहान आहेस?"

"म्हातारं माणूस आणि तान्हं पोर सारखंच. जीव आत घट्ट बसलेला नसतो. टोपलीतल्या नावानं मार. ते आता तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही."

"बरं."

"बरं नको म्हणू. तुझी आई पण बरंच म्हणाली होती."

"मारीन गं बाई, मारीन. आता हलू नको, तार निसटेल."

ती गायली. त्याबद्दल मी काय सांगू. पन्नास वर्षांत मंडळात मी तिला शेकडो वेळा ऐकली होती, पण ती त्या दुकानाच्या छताखाली. इथं ती एक ओळ टाकायची आणि फळ्या उत्तर द्यायच्या. तिच्या बरोबरीची कोणी उरली नव्हती, गोल धरायला बायका नव्हत्या, तर ती एकटीच पाय घासत फिरली, मधल्या रिकाम्या जागेला वळसा घालून, जणू तिथं माणसं उभी आहेत आणि त्यांना धक्का लागायला नको. नादेज कॅमेऱ्याआड रडत होती. मी रडले नाही, मी काटा बघत होते, आवाज तांबड्या रेघेपलीकडे जाऊ नये म्हणून. मग गाणं संपलं, ढग भरून आले, बोटवाला बाहेरून ओरडायला लागला. मी सगळ्यांना गप्प केलं आणि शांततेचं एक मिनिट घेतलं. कानात पहिलीच पट्टी ठेवली होती, खोलीची. मावशी मागच्या खिडकीशी पाठमोरी उभी होती. मिनिट झालं. मग आवराआवर, धावपळ. मायक दोन, तारा सहा, बॅटऱ्यांची पेटी, कॅमेऱ्याचे पाय, सगळं मी बोटांवर मोजून घेतलं. मावशीला दोघींनी धरून बोटीत बसवलं, तिच्या डोक्यावर माझा रेनकोट धरला. हाक मारायची राहिली. अर्धी खाडी ओलांडल्यावर मला आठवलं. बोटीतून मागं वळून मारावी का? पण बोटवाला होता, नादेज होती, चारचौघांत ते नाव घ्यायचं कसं, आणि मी काय अडाणी आहे का. मी मावशीकडे बघितलं. ती पुढं बघत होती.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून ती बोलेना. भरवलं तर खाते, उठवलं तर उठते. डॉक्टर म्हणाले, मेंदूला बारीक झटका आलाय, ह्या वयात होतं. मी ते घट्ट धरून ठेवलं. झटका. तिची भाची वर्नेल, जी तिच्याबरोबर राहते आणि दवाखान्याच्या धोबीखान्यात काम करते, ती रोज फोन करायची. पहिल्या आठवड्यात म्हणायची, "आज लाल भात खाल्ला दोन घास." दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "एर्लीन, खरं सांग, तिथून निघताना हिला कोणी हाक मारली होती ना?" मी म्हटलं, "मारली." तोंडातून निघून गेलं. वर्नेल म्हणाली, "मग देवाची मर्जी," आणि फोन ठेवला. तेव्हापासून हे एक खोटं मी गिळून बसले होते, आणि ते खाली उतरत नव्हतं.

नादेज घरी गेल्यावर, दुपारी चारच्या सुमाराला, मी ते मिनिट पूर्ण ऐकलं. बसायच्या आधी दार लावलं, मग वाटलं, दार कशाला लावतेस, येणारं दारातून येणार आहे का. वारा. फळी. मावशीचा श्वास, किंचित शिट्टी वाजणारा. इंजिन. आणि मग अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, भिंतीशी बोलावं तसं : "मिंडा. चल गं मिंडा. चल घरी, मागं राहू नको." माझ्या मानेवर काटा आला, पण भीतीचा नव्हे. मावशी त्या प्रार्थनाघरात मला घ्यायला गेली होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई बस, बोट, पाऊस सगळं करून त्या कॅमेऱ्यासाठी गेली नव्हती, भजनासाठीही नव्हती. माझ्या आईचं राहिलेलं काम उरकायला गेली होती. आणि मला ते सांगितलंसुद्धा नाही, कारण मी हसले असते. मी खरंच हसले असते.

पण टेप पुढं चालूच होती. हाक संपल्यावर मावशीचा श्वास थांबला. अडवून धरल्यासारखा. मग सुटला, पुन्हा थांबला. कपड्याची सळसळ झाली, म्हणजे ती वळली होती, खोलीकडे तोंड करून. माझ्याकडे. आता माझी पाळी होती. तिनं मला बोलावलं होतं, आता मी तिला बोलवायचं होतं. तिनं वाट बघितली. मी घड्याळाच्या काट्यावर मोजलं, एकोणीस सेकंद. एकोणीस सेकंद ती बाई माझ्या तोंडाकडे बघत उभी आहे आणि मी कानाला यंत्र लावून खोली ऐकतेय. मग लांबून माझा आवाज येतो, खणखणीत, कामाच्या माणसाचा : "बास. छान मिळाली. आवरा पटापट."

मी पुढं ऐकलं नाही. पुढं नुसती आदळआपट आहे.

पहिल्या पट्टीवर ती शांतता अगदी स्वच्छ होती, हे मला माहीत होतं. नादेजला बारा सेकंद कापून देऊन टाकायला काही हरकत नव्हती, कोणाला कळलं नसतं. पण शुक्रवारी पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना मी ती शांतता म्हणून ऐकवणार, आणि तिच्याखाली मावशी ताटकळत उभी आहे हे मला एकटीला माहीत असणार, ते माझ्यानं होईना. मी नादेजला घरी फोन केला. म्हटलं, "तो खोकला कापला होतास ना मावशीचा, तो परत लाव. भोकच पाडू नको."

"म्हणजे शांतता नाही मिळाली?"

"ती शांतता नाहीच आहे."

"ताई, बरी आहेस ना?"

"उद्या येत नाही मी," म्हटलं, आणि फोन ठेवला.

आणि मग मी जे केलं ते तीस वर्षांत कधी केलं नव्हतं. आमच्या धंद्यात म्हणतात, जो आवाज झाला नाही तो घालू नये. कुत्रा भुंकला नसेल तर भुंकवू नये. मी मायक लावला, रिकाम्या खोलीत उभी राहिले आणि मावशीचं टोपलीतलं नाव घेतलं. कूटा. कूटा म्हणजे कासव. लहानपणी सगळ्यात सावकाश रांगायची म्हणून. "चल गं कूटा. चल घरी, मागं राहू नको." अकरा वेळा म्हटलं. सातवं बरं आलं. ते उचललं, त्यातला जडपणा काढला, थोडा घुमारा घातला, आणि त्या एकोणीस सेकंदांत, चार सेकंद जाऊ देऊन, बसवलं. माझं ते "बास" कापून टाकलं. नवं रीळ भरलं. ऐकून बघितलं. इतकं बेमालूम जमलं होतं की मला क्षणभर वाटलं, मारलीच असेल की मी, विसरले असेन. लबाडाला स्वतःची लबाडी गोड लागते, ती अशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी छोटं यंत्र खांद्याला अडकवून, दोन्ही रिळं पिशवीत टाकून मी मावशीकडे गेले. वर्नेल खिडकीशी उभी राहून सुरीनं चौकट खरवडत होती. आमच्यात दारंखिडक्यांच्या चौकटी निळ्या रंगवतात, भुतंखेतं आत येऊ नयेत म्हणून. मावशीनं इथं भाड्याच्या घरात मालकाशी भांडून रंगवल्या होत्या. जमिनीवर निळ्या खपल्यांचा सडा पडला होता.

"काय चाललंय हे, वर्नेल?"

"तीच बाहेर अडकली असेल तर?" वर्नेल माझ्याकडे न बघता म्हणाली. "बिचारी आली असेल परत आपली आपण, आणि ह्या रंगानं आत येता येत नसेल. आपणच दार लावून घ्यायचं आणि आपणच वाट बघायची!" तिच्या हनुवटीला रंगाचे कण चिकटले होते. "हसायचं तर हस."

मी हसले नाही. मावशी खुर्चीत होती, मांडीवर गोधडी, डोळे उघडे. शेजारी भेंडीचं कालवण वाटीत थंड होऊन त्यावर साय धरली होती. मी तिच्या पायाशी बसले, नवं रीळ लावलं, आवाज वाढवला. प्रार्थनाघर त्या खोलीत आलं, वारा, फळ्या. वर्नेलची सुरी थांबली. मावशीनं मला मारलेली हाक आली. मी मावशीच्या चेहऱ्याकडे बघत होते, तिच्या पापण्या हलल्या. एक, दोन, तीन, चार. आणि माझा आवाज : चल गं कूटा, चल घरी, मागं राहू नको. वर्नेलनं तोंडावर हात धरला.

मावशीनं मान वळवली. सावकाश, आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"हे तू इथं म्हटलंयस," ती म्हणाली.

एकवीस दिवसांनी उघडलेलं तोंड. आवाज गंजलेला होता, पण तिचाच. वर्नेलच्या हातातून सुरी खाली पडली. मला वाटलं, झालं, सुटले, आली ती. मी तिचे गुडघे धरले. "मावशी! अगं मावशी, बोललीस तू!"

"त्या घरात हे असं वाजत नाही," ती म्हणाली. नुसती माहिती द्यावी तसं. तिची नजर माझ्यावर होती आणि माझ्यापर्यंत पोचत नव्हती. "तिथं तू काही म्हटलं नाहीस. मी थांबले होते गं."

मी डोकं तिच्या मांडीवर टेकलं. कबूल केलं, वर्नेलच्या देखत. विसरले, खोटं बोलले, वर हे बनावट करून आणलं. वर्नेल वाकून खपल्या गोळा करायला लागली, एक एक, आणि ती बोलली असती त्यापेक्षा मला ते जास्त लागलं. मग मी पिशवीतून खरं रीळ काढलं आणि लावलं, का ते मला सांगता येणार नाही. बहुतेक तिच्यासमोर शिक्षा भोगावी म्हणून. आम्ही तिघींनी ते एकोणीस सेकंद ऐकले. बास, छान मिळाली, आवरा पटापट. मावशीनं मान हलवली, हां, हे असं झालं होतं, असं.

"मी जाते," मी म्हटलं. "उद्या सकाळच्या बसनं निघते. उंबऱ्यात उभी राहून तुला हाक मारते आणि घेऊन येते. ह्या वेळी नक्की."

"एकटी?"

"एकटीच."

"आणि तुला कोण बोलावील?"

ते मला आधीच कळायला हवं होतं. बहुतेक कळलं होतंच आणि म्हणून मी ते अकरा वेळा म्हणत, घुमारा घालत बसले होते. त्या रिकाम्या खोलीत मी जाणार, दुसऱ्याला बाहेर काढणार, आणि माझं नाव घेणारं तिथं कोणी नाही. आपली हाक आपल्याला मारता येत नाही. सात वर्षांची ती पोर आत्ता कुठं बूट घालून निघाली असेल तर तिला मी पुन्हा तिथंच नेऊन सोडणार. मी मावशीकडे बघितलं. ती थकली होती, तिचे डोळे पुन्हा लांब जायला लागले होते, खिडकीच्या अर्ध्या निळ्या चौकटीकडे. पण तिचा हात गोधडीखालून निघाला, चाचपडत यंत्रापर्यंत आला, आणि थांबलेल्या रिळावर तिनं तो ठेवला, लहान पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"हे घेऊन जा," ती म्हणाली. "ह्यात आहे ना मी, तुला बोलवायला."

वर्नेलनं उठून मला बसचा फोन नंबर शोधून दिला. मी रीळ काढून डब्यात ठेवलं, झाकण दाबून बसवलं, आणि पर्समधली पेन्सिल काढून डब्यावरचा 'शांतता' हा शब्द खोडला.